‘ती उठली नाही’: कादंबरीच्या शेवटात पात्राची वाढ कशी दाखवावी

कादंबरीचा खर्डा हातात आला की मी आधी शेवटचं पान उघडतो. सवय वाईट आहे, पण तिने माझा बराच वेळ वाचवला आहे. त्या पानावर ‘त्याला आता कळून चुकलं होतं की…’ असं वाक्य दिसलं, की मधल्या तीनशे पानांचा अंदाज येतो. घटना भरपूर घडल्या असतील, माणूस मात्र जागचा हललेला नसेल. लेखकालाही ते कुठेतरी खुपलं असेल, म्हणून शेवटी हा दाखला जोडला: सदर पात्र बदललं आहे, सही, शिक्का.

माझ्या स्वतःच्या पहिल्या कादंबरीत हेच झालं होतं. नायक रात्रभर जागून वडिलांना सहा पानी पत्र लिहितो आणि त्यात आपल्या चुका क्रमवार कबूल करतो. एका जुन्या मित्राने ते वाचलं आणि विचारलं, “हे पत्र लिहिणारा माणूस कोण? आधी कुठे भेटला नाही.” मला राग आला. दोन महिन्यांनी ते पत्र काढून टाकलं, तेव्हा लक्षात आलं की त्याच्याखाली शेवट असा नव्हताच.

मूल किती वाढलं हे कळायला भिंतीवरची जुनी खूण लागते. नुसतं मूल समोर उभं करून भागत नाही. कादंबरीच्या शेवटाचंही तसंच आहे. पात्राला पुन्हा त्याच भिंतीला टेकवून उभं करायचं आणि खूण कुठे येते ते वाचकाला बघू द्यायचं. पुढे जे सांगतो आहे ते या एका कामासाठी. खर्डा एकदा पूर्ण झाला आहे, शेवट लिहून झाला आहे आणि तो जमला नाही असं वाटतं आहे, असं धरून चालतो.

पहिली पायरी: शेवट बाजूला ठेवा, पहिलं प्रकरण काढा

शेवट दुरुस्त करायला बसलेला लेखक शेवटच पुन्हा पुन्हा लिहीत बसतो. दुखणं बहुतेक वेळा सुरुवातीला असतं. पहिली दहा-पंधरा पानं कागदावर छापून घ्या आणि पेन्सिलने एकच गोष्ट शोधा: अडचण आली की हे माणूस सवयीने काय करतं? स्वभावाची विशेषणं नकोत. ‘हट्टी’, ‘प्रेमळ’, ‘एकाकी’ यांचा इथे उपयोग नाही. कृती हवी, आणि ती एका वाक्यात मावली पाहिजे. ‘कोणी जवळ आलं की तो विनोद करतो.’ ‘विचारलं की ती विषय बदलते.’ ‘हरण्याची शक्यता दिसली की तो खेळच सोडतो.’

असं वाक्य सापडलं नाही, तर शेवटाचा विचार थांबवा. भिंतीवर खूणच नाही. आधी ती करा, म्हणजे त्या सवयीचा एक प्रसंग पहिल्या प्रकरणात लिहा.

उदाहरणासाठी एक कादंबरी कल्पू. बहीण मोठी, भाऊ तिच्याहून आठ वर्षांनी लहान. पहिल्या प्रकरणात भाऊ शिकायला बाहेरगावी निघाला आहे. तो बॅग भरतो आहे, शर्टांच्या घड्या वाकड्यातिकड्या. ती येते, ‘सरक’ म्हणते, बॅग रिकामी करते आणि पुन्हा भरते. तो बाजूला उभा राहून बघतो. एवढंच. तिचं वाक्य तयार झालं: ‘दुसऱ्याचं काम चुकताना दिसलं की ती ते हातातून काढून घेते.’ हा ‘सरक’ आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहे.

दुसरी पायरी: नेमकं काय बदललं ते वेगळं काढा

परिस्थिती, समज आणि वागणं या तीन गोष्टींची इथे गल्लत होते. लग्न झालं, नोकरी लागली, कोणी गेलं, घर विकलं, हे परिस्थितीतले बदल. त्यातून माणूस वाढतोच असं नाही. ही गल्लत मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. नायिका शेवटी वाईट नवऱ्याला सोडते आणि लेखक समजतो, ती मोठी झाली. पण पहिल्या प्रकरणातही ती अडचण आली की निघून जातच होती, तर ती जुनंच करते आहे, फक्त या वेळी टाळ्या मिळतात.

समज आणि वागणं यांचं नातं जास्त गुंतागुंतीचं आहे. समज बदलते, पण वागणं जुनंच राहतं, असंही होतं. टॉलस्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’चा आठवा भाग या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. कादंबरीतला दुसरा नायक, जमीनदार लेव्हिन याला जगण्याचा अर्थ सापडल्यासारखं वाटतं, मन हलकं होतं, आणि थोड्याच वेळात तो गाडीवानावर खेकसतो. जुन्याच कारणाने, जुन्याच स्वरात. अगदी शेवटी तो स्वतःशी मान्यही करतो की मी गाडीवानावर यापुढेही चिडेन, वाद घालेन, स्वतःच्या भीतीचा दोष बायकोला देईन आणि मग पस्तावेन. तरीही काहीतरी बदललेलं आहे. मला हा शेवट पटतो तो त्या गाडीवानामुळे. साक्षात्कारानंतर लगेच एक क्षुल्लक कसोटी, आणि तिच्यात माणूस नापास. नापास झाल्याचं त्याला तत्क्षणी कळतं, एवढाच फरक. पूर्वी कळत नसे. गंमत म्हणजे ज्या मासिकात ही कादंबरी क्रमशः येत होती, त्याच्या संपादकाने आठवा भाग छापायला नकार दिला. सर्बियातल्या युद्धाबद्दल त्यातली मतं त्याला मान्य नव्हती. टॉलस्टॉयने तो १८७७ मध्ये वेगळा छापला. मासिकाच्या वाचकांपुरती गोष्ट अ‍ॅनाच्या मृत्यूपाशी थांबली असती आणि लेव्हिन अर्ध्या वाटेवर राहिला असता.

तेव्हा आपल्या पात्रापुढे एक वाक्य लिहा: ‘शेवटी हिला अमुक समजलेलं आहे आणि ती तमुक वेगळं करते’, किंवा ‘समजलेलं आहे, तरी करू शकत नाही’. दोन्ही चालतं. पण कोणतं, ते लेखकाला पक्कं ठाऊक हवं.

तिसरी पायरी: तोच प्रसंग वेगळ्या कपड्यांत परत आणा

हे या कामाचं हृदय आहे, म्हणून इथे थोडा जास्त वेळ थांबतो.

आपली बहीण-भावाची गोष्ट पुढे गेली आहे. मधे वीसेक वर्षं लोटली, आई गेली, घर रिकामं करायचं आहे. पहिल्या खर्ड्यातला शेवट असा:

‘तिला आता कळून चुकलं होतं की इतकी वर्षं प्रेमाच्या नावाखाली तिने सगळ्यांना आपल्या मुठीत ठेवलं होतं. भावाला जवळ घेत ती म्हणाली, “मला माफ कर. तुझं आयुष्य तुझं आहे.” दोघांच्याही डोळ्यांत पाणी तरळलं.’

यात खोटं काही नाही. पण नीट पाहिलं तर ती इथेही तेच करते आहे. बोलणं तिचं, माफी तिची, प्रसंगाचा ताबा तिच्याकडे. भावाला एक वाक्यही मिळालेलं नाही. लेखकाला दाखवायचं होतं की बाईने पकड सोडली. वाक्यरचना सांगते की पकड आवळली.

आता खूण शोधू. पहिल्या प्रकरणात बॅग होती, घड्या होत्या, ‘सरक’ होतं. शेवटी बॅगच आणली तर वाचकाला लेखकाचा हात दिसेल. वस्तू बदलायची, ताण तोच ठेवायचा:

‘तो पुस्तकांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत होता. पहिली गाठ सुटली. मग त्याने सुतळी आडवी घेतली, मग उभी, आणि वरचं पुस्तक सरकलं. ती दारात उभी होती. तिचे हात पुढे झाले आणि तिथेच थांबले.

“कात्री देऊ?”

“नको.”

ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. आत गठ्ठा कोसळल्याचा आवाज आला. ती उठली नाही.’

वाढ यात कुठे आहे? ‘ती उठली नाही’मध्ये आहेच, पण माझ्या मते त्याहून जास्त ‘कात्री देऊ?’मध्ये आहे. जन्मभर ‘सरक’ म्हणणारी बाई विचारते आहे. आणि ‘नको’ हे उत्तर ऐकते आहे. ‘सरक’ हा शब्द शेवटी कुठेही उच्चारलेला नाही, तरी ज्याने पहिलं प्रकरण वाचलं आहे त्याच्या कानात तो वाजतो. पुस्तक ‘सरकलं’ हे क्रियापद मुद्दाम आहे. कोणाच्या लक्षात आलं नाही तरी बिघडत नाही. हात ‘पुढे झाले’ हेही लागतंच. सवय मेलेली नाही. ती नाहीशी झाली असती तर दाराशी उभं राहण्यात ताण उरला नसता.

तुमच्या खर्ड्यावर हे करताना पहिल्या आणि शेवटच्या प्रसंगात तीन गोष्टी समान ठेवा: तीच भीती, तोच मोह आणि शक्य असेल तर तेच माणूस समोर. बाकी सगळं बदला. जागा, वस्तू, वेळ. आणि जमलं तर पारडं फिरवा, म्हणजे सुरुवातीला जो शक्तिमान होता तो शेवटी दुबळ्या बाजूला असू द्या.

चौथी पायरी: काय गमावलं?

फुकटात मिळालेल्या शहाणपणावर वाचक विश्वास ठेवत नाही. जुनी सवय पात्राच्या काहीतरी उपयोगाची होती, म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली. ती सोडताना काही हातचं जायला हवं.

वरच्या प्रसंगात माझ्या दृष्टीने अजून एक उणीव आहे. गठ्ठा कोसळला तर कोसळला. पुस्तकं आहेत, उचलून ठेवता येतील. तिच्या बसून राहण्याला किंमत नाही. म्हणून आधीच्या पानावर एक वाक्य घालू: ‘गठ्ठ्यात मधोमध आईची वही होती, कणा उसवलेली, हिंदकळली की तिची पानं सुटत.’ बस. आता तो आवाज येतो तेव्हा आत काय विखुरलं आहे हे तिला माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे, आणि तरी ती उठत नाही. शेवटच्या परिच्छेदात एक अक्षर बदललं नाही, वजन मात्र दुप्पट झालं. शेवट दुरुस्त करण्याची जागा अनेकदा शेवटाच्या पानभर आधी असते ती अशी.

पाचवी पायरी: उलटं चालत या

शेवटची कृती समोर ठेवा आणि मागे मागे विचारत जा: हे तिला आधी का जमलं नसतं? त्याआधी का नाही? आपल्या कादंबरीत उत्तरं अशी निघू शकतील. भावाच्या नावाने तिने परस्पर एक अर्ज भरला, तो तिथे गेलाच नाही, आणि वर्षभर दोघांत बोलणं नव्हतं. पुढे ती पंधरा दिवस आजारी पडली आणि तिच्याशिवाय घर सुरळीत चाललं. हे दुसरं पहिल्यापेक्षा जास्त लागलेलं असणार. अपयशाने माणूस चिडतो. आपल्यावाचून अडत नाही हे कळलं की तो गप्प होतो.

आणि मग एक घसरण हवी. इतकं होऊनही घराच्या सौद्याच्या वेळी ती भावाच्या वतीने बोलून मोकळी होते. घसरण नसेल तर वाढ ही जिन्यासारखी दिसते, एकेक पायरी वर, आणि शेवट चार प्रकरणं आधीच कळतो. घसरण साधारण शेवटच्या चौथ्या भागात असली की वाचक दाराशी उभ्या असलेल्या बाईकडे बघून खरोखर साशंक असतो. ती आत जाईल की नाही?

पात्राच्या बदलाचे हे टप्पे खर्ड्यात कोणत्या पानांवर आहेत ते समासात लिहून ठेवा. चारशे पानांच्या कादंबरीत पहिला टप्पा जर साडेतीनशेव्या पानावर येत असेल, तर शेवट कितीही सुंदर लिहिला तरी तो चिकटवलेला वाटणार.

दोन शेवट शेजारी ठेवून पाहणं

ही पायरी नाही, अभ्यास आहे, पण याने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या नियमाने शिकवलं नाही.

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ १८६० च्या डिसेंबरपासून १८६१ च्या ऑगस्टपर्यंत साप्ताहिकातून क्रमशः आली. तिचा आधी लिहिलेला शेवट वेगळा होता. त्यात नायक पिप आणि त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती एस्टेला अनेक वर्षांनंतर लंडनच्या रस्त्यावर योगायोगाने भेटतात. तिचं दुसरं लग्न झालेलं आहे. पिपबरोबर त्याला लहानपणी वाढवणाऱ्या जोचा छोटा मुलगा आहे, आणि तो पिपचाच आहे असा तिचा समज होतो. थोडं बोलणं होतं, दोघं आपापल्या वाटेने जातात. लेखकमित्र एडवर्ड बुल्वर-लिटन यांच्या सल्ल्यावरून डिकन्सने हा शेवट बदलला. छापलेल्या शेवटात दोघं जुन्या घराच्या उद्ध्वस्त बागेत भेटतात आणि हातात हात घेऊन बाहेर पडतात. मूळ शेवट डिकन्सच्या मृत्यूनंतर, १८७४ मध्ये, त्याच्या चरित्रातून वाचकांपुढे आला.

आनंदी की दुःखी, असा वाद यावर नेहमी घातला जातो. मला तो फारसा कामाचा वाटत नाही. दोन्ही शेवटांत एस्टेला दुःखाने बदललेली आहे. तिच्या वाढीत फरक नाही. फरक पिपच्या बाबतीत पडतो. आयुष्यभर ‘ती मला मिळेल’ या आशेवर जगलेला माणूस एका शेवटात तिला जाऊ देतो, आणि मुलाबद्दलचा तिचा गैरसमजही दूर करत बसत नाही. दुसऱ्यात त्याच्या जुन्या आशेला, धुक्यातून का होईना, होकार मिळतो. वाढीच्या पट्टीवर मी पहिला निवडेन. दुसऱ्याच्या बाजूने एवढं म्हणता येईल की भेटीची जागा नेमकी आहे: जिथे त्याला स्वतःची लाज वाटायला शिकवलं गेलं, तिथेच ते परत उभे आहेत. भिंत तीच. दोन्ही एकत्र जमलं असतं तर!

दुसरं उदाहरण अँथनी बर्जेसच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’चं. १९६२ च्या ब्रिटिश आवृत्तीत २१ प्रकरणं होती, सात-सातचे तीन भाग. शेवटच्या प्रकरणात हिंसेत रमणारा अ‍ॅलेक्स हिंसेला कंटाळतो. खिशात बाळाच्या फोटोचं कात्रण बाळगू लागतो, स्वतःच्या मुलाची कल्पना करू लागतो. अमेरिकन प्रकाशकाने हे प्रकरण गाळलं आणि तिथे ते १९८६ मध्येच परत आलं. १९७१ चा चित्रपटही त्या प्रकरणाविना आहे. एक प्रकरण काढलं की तीच कादंबरी ‘माणूस बदलत नाही’ असं सांगते; ठेवलं की ‘बदलतो, आणि कोणी न बदलवता बदलतो’ असं. कंटाळ्यातून आलेली वाढ पुरेशी आहे का, यावर मी अजून दोन्ही बाजूंनी डुलतो.

यातून उचलण्यासारखा प्रयोग सोपा आहे. तुमचं शेवटचं प्रकरण काढून ठेवा आणि कादंबरी त्याच्या आधीच्या वाक्यावर संपली असं समजून वाचा. अर्थ उलटला, तर प्रकरण गरजेचं आहे. अर्थ तोच राहिला, तर ते प्रकरण फक्त समजावून सांगतं आहे, काढलेलंच बरं.

न बदलणारी माणसं

सगळ्यांनी बदलायची गरज नाही. चार पात्रं एकदम शहाणी झाली की कादंबरी शिबिरासारखी वाटते. एक बदललं आणि बाकीची तशीच राहिली, तर बदललेल्याची उंची आपोआप दिसते. आपल्या गोष्टीत भाऊ अजूनही गाठ नीट बांधू शकत नाही, हे विसरू नका. तो सुधारला असता तर बहिणीची परीक्षाच झाली नसती.

मुख्य पात्रच बदलत नसेल तर मात्र त्याला बदलाची संधी स्पष्टपणे मिळाली पाहिजे, आणि त्याने ती नाकारताना आपण पाहिलं पाहिजे. संधीच न आलेलं पात्र वाचकाला न बदललेलं वाटत नाही, अपुरं लिहिलेलं वाटतं.

शेवटच्या पानावरची साफसफाई

‘कळून चुकलं’, ‘उमगलं’, ‘जाणवलं’, ‘पहिल्यांदाच’, ‘आता ती पूर्वीची राहिली नव्हती’. शेवटच्या पाच पानांत हे शब्द शोधा आणि पेन्सिलने गोल करा. प्रत्येक काढून वाचा. दहातले आठ जातात. उरलेले दोन राहू द्या. थोडं सांगणंही कथेला लागतं.

उगवता सूर्य, थांबलेला पाऊस, उडालेला पक्षी यांना सुट्टी द्या, ते फार दमले आहेत. ‘पाच वर्षांनंतर’चा उपसंहार लिहिला असेल, तर त्यात पात्र काही निवडतं का, एवढंच पाहा. नुसती हालहवाल असेल तर ती मागच्या प्रकरणात एका वाक्यात मावते. आणि शेवटचा संवाद मोठ्याने वाचा. पात्र लेखकाच्या आवाजात बोलू लागलं की जिभेला लगेच कळतं.

वाचक शोधा, पण अर्धा

शेवटची चाचणी. पहिली दहा पानं आणि शेवटची दहा पानं, एवढंच अशा माणसाला द्या ज्याने मधलं काही वाचलेलं नाही. ‘आवडलं का?’ विचारू नका. विचारा: ‘सुरुवातीचं आणि शेवटचं हे पात्र, यांच्या मधे काय झालं असेल?’ त्याला घटना ओळखता येणार नाहीत, येऊही नयेत. पण ‘बहुतेक हिला कशाने तरी थांबायला शिकवलं’ अशा अर्थाचं काही तो बोलला, तर खूण जागेवर आहे. ‘वेगळीच बाई वाटते’ म्हणाला तर पाचव्या पायरीवर परत जा. ‘तशीच आहे की’ म्हणाला तर तिसऱ्या.

वरचा गठ्ठ्याचा प्रसंग मी असाच एका मैत्रिणीला दिला होता. तिने वाचला आणि विचारलं, “वहीची पानं मग कोणी गोळा केली?” मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. ती म्हणाली, “लिहू नकोस. पण भावानेच केली असतील. क्रम चुकवून.”